उलटतपासणी की दहशत?

अत्याचार झाला की आपला समाज रस्त्यावर उतरतो. निषेध सभा होतात, कलेक्टर कचेरीवर मोर्चा जातो, निवेदने दिली जातात, पुढारी पीडित कुटुंबाची भेट घेऊन जातात. आरोपींना अटक झाली की आपण समाधान मानून घरी जातो. पण खटल्याचा निकाल मोर्चात लागत नाही. तो लागतो काही वर्षांनी, कुठल्यातरी मंगळवारी किंवा गुरुवारी, सत्र न्यायालयाच्या एका खोलीत. फिर्यादी बाई साक्षीच्या पिंजऱ्यात उभी असते आणि आरोपीचा वकील उलटतपासणीला उठतो. त्या दिवशी तिथे निळा झेंडा नसतो, घोषणा नसते, कॅमेरा नसतो. आरोपीचे अर्धे गाव मात्र बाकांवर येऊन बसलेले असते.

मी पुंडलिकनगरात राहतो आणि जिल्हा न्यायालयात वकिली करतो. रविवारी घरी येणाऱ्या पक्षकारांत फुलंब्री, पैठण, अंबड, गेवराईकडची माणसे असतात. "आरोपीला शिक्षा होईल का?" हा त्यांचा पहिला प्रश्न नसतो. "साहेब, तो वकील मला काय काय विचारील?" हा असतो. आणि थोडा वेळ गप्प बसून दुसरा प्रश्न येतो, "नाही गेलो तर चालेल का?" आपले निम्मे खटले या दुसऱ्या प्रश्नातच मरतात. लोकांना शिक्षेच्या शाश्वतीपेक्षा वकिलाच्या तोंडाची भीती जास्त वाटावी, ही अवस्था न्यायव्यवस्थेला भूषणावह आहे काय?

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी, नाहीतर वकील मित्र माझ्यावर तुटून पडतील. उलटतपासणी हा आरोपीचा हक्क आहे आणि तो शाबूत राहिलाच पाहिजे. तो हक्क आपल्यालाही लागतो. १ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावला जाणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला आणि त्यानंतर आपल्याच पोरांवर ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाले. अशा पोरांना वाचवायचे तर पोलीस साक्षीदाराला, ठरावीक पंचाला पिंजऱ्यात उभे करून सडेतोड प्रश्न विचारावेच लागतात. बाबासाहेब स्वतः फौजदारी वकिली करीत. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाच्या खटल्यात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांना शिक्षा झाली, तेव्हा त्यांचे अपील बाबासाहेबांनी पुण्यात चालवले आणि दोघांना निर्दोष सोडवून आणले. कायद्याच्या मुद्द्यांवर लढून आणले. आरोपीचा वकील असणे हे पाप नाही. साक्षीदाराची साक्ष तपासणे वेगळे आणि साक्षीदाराला मोडणे वेगळे, एवढेच म्हणायचे आहे.

मोडण्याचे काम कोर्टात उभे राहण्याच्या आधीच सुरू होते. पहिले हत्यार म्हणजे तारीख. बाई मजुरी बुडवून, पहिली एसटी धरून, लेकरू शेजारणीकडे ठेवून सकाळी अकराला कोर्टात येते. पुकारा होतो. आरोपीच्या वकिलाचा ज्युनिअर अर्ज पुढे करतो, 'सिनिअर वकील दुसऱ्या कोर्टात गुंतले आहेत, पुढील तारीख मिळावी.' तारीख मिळते. पुढच्या वेळी आरोपी आजारी असतो. त्याच्या पुढच्या वेळी वकील बदललेला असतो आणि नव्या वकिलाला कागद वाचायचे असतात. चौथ्या वेळी बाई येत नाही, मग तिच्यावर समन्स निघते, समन्सलाही आली नाही तर वॉरंट निघते. अत्याचार ज्याने केला तो जामिनावर मोकळा आणि जिच्यावर झाला तिच्या दारात पोलीस! ही साधी दिरंगाई नाही. ही आखलेली चाल आहे, आणि कोर्टात रोज उठबस करणारा प्रत्येक जण ती ओळखतो.

कायद्याने ही चाल रोखलेली नाही असे नाही. साक्षीदार हजर असताना, खास कारण लेखी नोंदवल्याशिवाय त्याची साक्ष पुढे ढकलता येत नाही. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतला आहे, हे तर तहकुबीचे कारणच होऊ शकत नाही, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०९ मध्ये होते आणि आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४६ मध्येही आहे. २०१५ साली विनोद कुमार विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. तिथे सरतपासणी आणि उलटतपासणी यांच्यात वीस महिन्यांचे अंतर पडू दिले होते आणि तेवढ्या काळात साक्षीदार फिरला होता. वीस महिन्यांत साक्षीदार फिरला नाही तरच नवल! त्या वीस महिन्यांत त्याला त्याच गावात राहायचे असते, त्याच विहिरीचे पाणी प्यायचे असते, त्याच पाटलाच्या शेतात मजुरीला जायचे असते.

दुसरे हत्यार कोर्टाच्या व्हरांड्यात चालते. "मावशी, कशाला या भानगडीत पडता? तुमच्या पोरावरची केस पण आम्ही मागे घेऊ. आपसांत मिटवून टाका." ही पोरावरची केस कुठून आली? ती त्यासाठीच आलेली असते. बौद्ध वस्तीवर हल्ला झाला आणि ॲट्रॉसिटीची फिर्याद नोंदली गेली की त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी उलटी फिर्याद नोंदवली जाते. कधी गळ्यातले मंगळसूत्र ओढल्याची, कधी जबरी चोरीची, कधी बाईचा हात धरल्याची. तिचा मसुदा कोण सांगते, हे सांगायला नको. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसावर खोटी, द्वेषमूलक किंवा त्रासदायक कायदेशीर कारवाई करणे हा १९८९ च्या कायद्यानुसार स्वतंत्र अत्याचार आहे, आज तो कलम ३(१)(पी) मध्ये आहे. पण ते कलम लावलेले मी फार कमी पाहिले. सौद्यासाठी उभी केलेली केस सौदा झाला की विरून जाते आणि तिच्यासोबत मूळ फिर्यादही विरते.

मग येतो प्रत्यक्ष पिंजरा. बाहेरच्या माणसाला तिथली भाषा कळत नाही. "तुम्ही घटनास्थळापासून किती फुटांवर होतात? तुमचे तोंड पूर्वेला होते की दक्षिणेला? आरोपी क्रमांक तीन कोणत्या बाजूने आला? काठी कोणत्या हातात होती?" ज्या बाईने आपल्या नवऱ्याला मार खाताना पाहिले तिने दिशा मोजल्या नव्हत्या. ती चुकते. वकील तोच प्रश्न दहा मिनिटांनी फिरवून विचारतो, ती वेगळे उत्तर देते. "फक्त हो किंवा नाही एवढेच सांगा," असा दम मिळतो. जे दोन शब्दांत सांगता येत नाही ते दोन शब्दांत सांगायला लावायचे, आणि मग त्या दोन शब्दांना धरून तिला खोटी ठरवायचे! शेवटी आपल्या साक्षीपुस्तकात वर्षानुवर्षे तेच ठरलेले वाक्य येते: "ही बाब मी पोलिसांना सांगितली होती, ती माझ्या जबाबात का लिहिली नाही, याचे कारण सांगता येणार नाही." हवालदाराने जे लिहिले नाही त्याची शिक्षा फिर्यादीला. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात हे हमखास घडते, कारण जातीवाचक शिव्या जबाबात पूर्ण उतरवून घ्यायच्या नाहीत ही बऱ्याच ठाण्यांची जुनी सवय आहे.

त्या शिव्याच पिंजऱ्यात पुन्हा उच्चारायला लावतात. "नेमके काय म्हणाला ते शब्द सांगा. मोठ्याने सांगा, ऐकू येत नाही." बाकांवर खसखस पिकते. कोर्टाला शब्द कळणे आवश्यक आहे, हे मान्य. पण तीन-तीन वेळा, मोठ्याने, आरोपीच्या नातेवाइकांसमोर? ज्या अपमानाची फिर्याद करायला ती आली तोच अपमान तिच्याच तोंडून, न्यायालयाच्या छताखाली पुन्हा घडवून आणला जातो.

मग पैशाचा प्रश्न. "तुम्हाला समाजकल्याण खात्याकडून रक्कम मिळाली, हे खरे आहे? त्या रकमेसाठीच ही खोटी फिर्याद दिली, हे खरे आहे?" नियमाप्रमाणे मिळणारे अर्थसहाय्य २०१६ च्या सुधारणेनंतर गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत आहे. ते शासनाचे कर्तव्य आहे, कोणाची मेहेरबानी नाही. रेल्वे अपघातात भरपाई मिळालेल्या माणसाला "पैशासाठी गाडीखाली आलास का?" असे कोणी विचारत नाही. आपल्याला विचारतात.

आणि सर्वांत धूर्त प्रश्न अजून सांगायचा आहे. हा प्रश्न महाराष्ट्रातल्या बौद्धांसाठीच तयार केलेला आहे. वकील अगदी नरम आवाजात विचारतो, "तुम्ही बौद्ध आहात ना?" बाई ताठ होऊन म्हणते, हो. "बाबासाहेबांनी धम्म दिला, त्यात जात नाही, हे तुम्हाला मान्य आहे ना?" ती म्हणते, मान्य आहे. "म्हणजे तुम्हाला जात नाही?" ती अभिमानाने म्हणते, नाही. वकील खाली बसतो. युक्तिवादाच्या वेळी तो सांगतो की, फिर्यादीने स्वतःच जात नाकारली आहे, सबब ॲट्रॉसिटीचे कलम लागू होत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात मिळालेल्या स्वाभिमानाचाच तिच्याविरुद्ध फास केला जातो! कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात हिंदू आणि शीख यांच्याबरोबर बौद्धांचा समावेश झाला. धम्म स्वीकारल्याने अनुसूचित जातीचा दर्जा जात नाही. साक्षीआधी सरकारी वकिलाने पाच मिनिटे तिच्याशी बोलून जातीचा दाखला पुराव्यात दाखल केला, तर हा डाव तिथेच संपतो. पण पुष्कळ ठिकाणी सरकारी वकील आणि साक्षीदार यांची पहिली भेट पिंजऱ्यातच होते. कामाचा बोजा असतो हे खरे. तरी ज्या माणसाच्या शब्दावर खटला उभा आहे त्याच्याशी आधी न बोलता खटला चालवणे याला कोणता शब्द वापरायचा, तो वाचकांनीच ठरवावा.

स्त्री साक्षीदार असली की चारित्र्याचा प्रश्न येतोच. मथुरा खटला आपल्याच विदर्भातला. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिला शरीरसंबंधाची सवय होती, असला तर्क निकालात आला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तरीही पीडितेचे 'सर्वसाधारण अनैतिक चारित्र्य' पुराव्यात आणण्याची मुभा देणारे पुरावा कायद्यातले पोटकलम रद्द व्हायला २००२ साल संपत आले. आज असा प्रश्न बलात्काराच्या खटल्यात विचारताच येत नाही. प्रत्यक्षात तो वेष बदलून येतो. "तुम्ही रात्री एकट्या कशा गेलात? त्याचा मोबाईल नंबर तुमच्याकडे कसा?"

खैरलांजीत सुरेखा भोतमांगे यांच्या मृत्यूनंतरही हाच चिखल उडवला गेला. खैरलांजी आठवताना एक गोष्ट आपण विसरतो, ती इथे मुद्दाम सांगतो. सुरेखा आणि प्रियांका या साक्षीदार होत्या. सप्टेंबर २००६ च्या सुरुवातीला सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली. त्या प्रकरणात या मायलेकींनी हल्लेखोरांची नावे पोलिसांना सांगितली. २९ सप्टेंबरला त्या आरोपींना अटक झाली, त्याच दिवशी जामीन झाला आणि त्याच दिवशी संध्याकाळी जमाव भोतमांगे यांच्या घरावर चालून गेला. सुरेखा, प्रियांका, सुधीर, रोशन चौघेही गेले. साक्ष देण्याची किंमत इतकी! पुढे भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी दिली, पण ॲट्रॉसिटीचे कलम लागू होत नाही असे ठरवले. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद केली आणि हेतू सूडाचा होता, जातीचा नव्हे, हेच मत कायम ठेवले. दलित बाईने साक्ष द्यायचे धाडस केले म्हणून तिला संपवणे, यात जात नाही तर काय आहे? सवर्ण साक्षीदाराच्या घरावर याच कारणाने असा जमाव चालून गेला असता का? २० जानेवारी २०१७ रोजी भय्यालाल भोतमांगे हा प्रश्न मनात घेऊनच गेले.

खैरलांजी सर्वांना माहीत आहे, आरोपीच्या वकिलालाही माहीत आहे. त्यामुळे त्याला पिंजऱ्यात धमकी द्यावी लागत नाही. "तुम्ही अजून त्याच गावात राहता ना?" एवढा साधा प्रश्न पुरतो. साक्षीपुस्तकात तो निरुपद्रवी दिसतो. ज्याला कळायचा त्याला कळतो.

खर्ड्याचे उदाहरण तर ताजेच म्हणायचे. २८ एप्रिल २०१४. अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताचा अहिल्यानगर) जामखेड तालुक्यातले खर्डा गाव. नितीन आगे हा शाळकरी मुलगा. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला शाळेतून मारत नेले आणि मारून झाडाला लटकवले, हा आरोप. महाराष्ट्र पेटला, मंत्री आले, जलदगती खटल्याची आश्वासने दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल लागला. सर्व आरोपी निर्दोष. एकामागून एक साक्षीदार फितूर झाले, त्यात शाळेशी संबंधित माणसेही होती. भर दिवसा, गावाच्या डोळ्यांदेखत घडलेली घटना कोणीच पाहिली नाही असे कागदावर आले. हे साक्षीदार काही सगळे गरीब मजूर नव्हते. सरकारी पगार घेणारा शिक्षकही जिथे टिकत नाही तिथे रोजंदारीवाला टिकेल, ही अपेक्षा आपण कशाच्या बळावर धरतो?

याच जिल्ह्यातले सोनई हत्याकांड याच्या शेजारी ठेवून पाहावे. १ जानेवारी २०१३ रोजी मेहतर समाजाच्या तीन तरुणांची हत्या झाली. साक्षीदारांवरच्या दबावामुळे खटला जिल्ह्याबाहेर, नाशिकला नेण्यात आला. विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम उभे राहिले. प्रत्यक्षदर्शी नसताना, परिस्थितीजन्य पुराव्यावर नाशिकच्या सत्र न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना दोषी ठरवून फाशीची शिक्षा दिली. अपिलांचा प्रवास हा वेगळा विषय. इथे एवढेच पाहायचे की खटला गावाच्या सावलीतून बाहेर काढला आणि सरकारी बाजू मजबूत केली की दबावाची धार बोथट होते. दोन निकालांत अंतर अवघे दोन महिन्यांचे, जिल्हा एकच!

असे वागणारे वकील थोडे, बाकीचे सज्जन, हे मला मान्य आहे. पण थोड्यांना अडवते कोण? दिल्लीच्या बीएमडब्ल्यू खटल्यात २००७ साली एका वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने दाखवले, म्हणून आर. के. आनंद यांच्यासारखे ज्येष्ठ वकील साक्षीदाराला फोडण्याच्या प्रकरणात न्यायालयाच्या अवमानाचे दोषी ठरले आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. तालुक्याच्या कोर्टात छुपा कॅमेरा कोण लावणार? बार कौन्सिलचे नियम सांगतात की, वकिलाने पक्षकाराचा नुसता भोंगा होऊ नये, त्याला गैरमार्गापासून परावृत्त करावे. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली सनद रद्द करण्यापर्यंत कारवाई होऊ शकते. एखाद्या साक्षीदाराच्या तक्रारीवरून अशी कारवाई झाल्याचे आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

खरे अधिकार न्यायाधीशांच्या हातात आहेत आणि ते १८७२ पासून आहेत. असभ्य, बदनामीकारक प्रश्न न्यायाधीश रोखू शकतात. केवळ अपमान करण्यासाठी किंवा छळण्यासाठी विचारलेला प्रश्न तर त्यांनी रोखलाच पाहिजे. आधार नसताना अब्रूवर शिंतोडे उडवणारा प्रश्न वकिलाने विचारला, तर त्याचा अहवाल उच्च न्यायालयाला पाठवता येतो. जुन्या पुरावा कायद्याची ही कलमे १४९ ते १५२. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ती १५२ ते १५५ आहेत. त्या तारखेआधीच सुरू असलेल्या खटल्यांना जुनेच आकडे लागू राहतात. १९९६ च्या गुरमित सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की पीडितेची उलटतपासणी चालू असताना न्यायालयाने मूक प्रेक्षक होऊन बसू नये. २००४ च्या साक्षी निकालात तर लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत असे प्रश्न लेखी घेऊन न्यायाधीशांनीच ते विचारावेत, मध्ये पडदा असावा, असे सांगितले. २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचे बळ दिले. महाराष्ट्राने तर २०१७ सालीच साक्षीदार संरक्षणाचा स्वतःचा कायदा केला होता. कागदाची कमतरता नाही.

आपल्यासाठी सर्वांत मोलाचा कागद म्हणजे ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम १५-अ. ते २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. जामिनासह प्रत्येक कामकाजाची सूचना पीडिताला मिळाली पाहिजे, त्याला बोलू दिले पाहिजे, साक्षीदाराला प्रवासखर्च आणि निर्वाहखर्च मिळाला पाहिजे, गरज असेल तर दुसरीकडे राहण्याची सोय झाली पाहिजे आणि कामकाजाचे व्हिडिओ चित्रण झाले पाहिजे. ही सूचना औपचारिकता नाही, ती बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने हरिराम भांभी प्रकरणात ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितले. शिवाय नियम ४(५) प्रमाणे पीडिताची इच्छा असल्यास जिल्हाधिकारी नामवंत वकील नेमू शकतात. साक्षीदाराला खोटी साक्ष देण्यासाठी धमकावणे हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा वेगळा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचे कलम २३२. यातले किती अर्ज प्रत्यक्ष दिले जातात? मागितल्याशिवाय यातले काही मिळत नाही, आणि मागायला कोर्टात कोणीतरी असावे लागते.

कोर्टाचा कागद हत्यार म्हणून वापरणे ही काही आजची युक्ती नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर सनातन्यांनी दिवाणी दावा ठोकला आणि १४ डिसेंबरला चवदार तळ्यावर तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. हजारो माणसे महाडला येऊन पोहोचणार होती, तेव्हाच बरोबर हा कागद पुढे केला. बाबासाहेबांनी मनाईहुकूम मोडला नाही आणि कोर्टही सोडले नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, सत्याग्रह पुढे ढकलला आणि दावा लढवला. महाड, ठाणे, मुंबई. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात तो शेवटचा जिंकला. दहा वर्षे! आपण महाडचा क्रांतिदिन दरवर्षी साजरा करतो आणि या दहा वर्षांच्या तारखा कोणालाही आठवत नाहीत.

आता थोडे कटू. आपल्या समाजाचे वकील आज प्रत्येक तालुक्यात आहेत. ही बाबासाहेबांचीच पुण्याई. त्यांतले काही जण ॲट्रॉसिटीच्या आरोपींचे वकीलपत्र घेतात. तो त्यांचा व्यावसायिक हक्क आहे, मी त्यावर बोलणार नाही. पण समाजाचा माणूस म्हणून वस्तीत जायचे, फिर्यादीच्या घरी चहा प्यायचा आणि "ताई, कोर्टात काही खरं नसतं, देतील ते घ्या, मिटवा," असे सांगायचे, हे वकिलीत बसत नाही. ही दलाली आहे. परका वकील पिंजऱ्यात जे दोन तासांत करतो ते हे आपले बंधू घरात बसून दहा मिनिटांत करतात, तेही जयभीम घालून. आणि चळवळीचे काय? एका मोर्च्याला मंडप, माईक, गाड्या यांवर जेवढा खर्च होतो तेवढ्यात दहा साक्षीदारांचा वर्षभराचा एसटीखर्च भागतो. हे गणित मी अनेक बैठकांत मांडले. माना डोलावल्या जातात आणि पुढचा ठराव पुन्हा मोर्च्याचाच होतो.

मोर्चे बंद करा असे कोणी म्हणत नाही. खर्ड्याला, सोनईला, खैरलांजीला रस्त्यावरच्या रेट्याशिवाय खटलाही उभा राहिला नसता. पण प्रत्येक विहारात एक वही ठेवता येईल. आपल्या भागातला कोणता खटला कोणत्या कोर्टात आहे, केस नंबर काय, पुढची तारीख कोणती, साक्ष कोणाची, एवढे चार रकाने. दर रविवारी वंदनेनंतर ती वही वाचायची. ज्या दिवशी साक्ष त्या दिवशी पाच माणसे साक्षीदारासोबत जातील. घोषणा द्यायच्या नाहीत, कोणाकडे डोळे वटारायचे नाहीत. नाहीतर दबावाचा उलटा आरोप व्हायला वेळ लागत नाही, आणि तो खराही ठरेल. नुसते मागच्या बाकावर बसायचे. न्यायालय खुले असते, तिथे बसायचा प्रत्येकाला हक्क आहे. प्रकरण बंद खोलीत चालणारे असेल तर बाहेर व्हरांड्यात बसायचे. एकाने वही-पेन घेऊन तारीख का पडली, कोणी मागितली, कोणते कारण दिले, हे लिहायचे. लॉ कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींना याहून चांगले प्रात्यक्षिक मिळणार नाही. मागच्या बाकावर कोणी लिहीत बसले आहे हे दिसले की वकिलाचा आवाज थोडा खाली येतो, हे मी पाहिलेले आहे.

साक्षीदारालाही चार गोष्टी आधी सांगाव्या लागतात. काय बोलायचे ते पढवायचे नाही; पढवलेला साक्षीदार पहिल्या पाच प्रश्नांत उघडा पडतो. प्रश्न कळला नाही तर "कळला नाही, पुन्हा विचारा" म्हणायचे. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचे, त्याने खटला बुडत नाही. दिशा-फूट सांगता येत नसतील तर "इथून त्या दरवाजाइतके" असे दाखवायचे. उत्तर वकिलाकडे पाहून नव्हे तर न्यायाधीशांकडे पाहून द्यायचे. कोणी बाहेर अडवून धमकावले तर ते त्याच दिवशी, पिंजऱ्यात उभे राहूनच न्यायाधीशांना सांगायचे, म्हणजे त्याची नोंद होते. आणि तुमची जात कोणती असे विचारले तर धम्मही सांगायचा आणि दाखल्यावर जे लिहिले आहे तेही सांगायचे.

कलम १५-अ खाली प्रवासखर्च, संरक्षण आणि व्हिडिओ चित्रण मागणारा अर्ज एका पानाचा असतो. मराठीत लिहिलेला चालतो, त्यासाठी वकीलच हवा असे नाही, फिर्यादी स्वतः सही करून विशेष न्यायालयात देऊ शकते. पुंडलिकनगर आणि गारखेडा भागातल्या कार्यकर्त्यांसाठी त्याचा नमुना तयार केला आहे. वहीचे पहिले पान भरले की त्याच्या झेरॉक्स न्याव्यात.